डिझेल की पेट्रोल? गाडी ठरवताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

डिझेल गाडी घेऊन पस्तावलेल्या माणसाची चूक बहुतेक वेळा हिशेबात नसते, क्रमात असते. आधी गाडी मनात भरते. मग जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज पाहिलं जातं, मग इंधनाच्या दरातला फरक. आपलं रोजचं फिरणं कसं आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो किंवा येतच नाही. उलट बाजूलाही हेच घडतं. भरलेली गाडी घेऊन सतत लांब पल्ला मारणारे लोक केवळ धास्तीपोटी पेट्रोल घेतात आणि दर महिन्याला जास्तीचं इंधन जाळत बसतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण निम्म्याहून अधिक निर्णय तिथेच होतो. ते गाळून थेट पैशांच्या हिशेबावर उडी मारली, तर उत्तर कागदावर बरोबर येईल आणि रस्त्यावर चुकेल.

## टप्पा १: चार आठवड्यांची नोंद

एक छोटी वही गाडीत ठेवा. सध्या गाडी नसेल, तर रिक्षा, बस किंवा दुचाकीने जिथे जिथे जाता त्या फेऱ्या लिहा. प्रत्येक फेरीच्या चारच गोष्टी हव्यात:

१. अंतर किती आणि वेळ किती लागला.
२. निघताना इंजिन गार होतं की गरम. गाडी रात्रभर किंवा निदान पाच-सहा तास उभी असेल, तर ती गार सुरुवात धरा.
३. मध्ये न थांबता, एका लयीत, सलग किती मिनिटं गाडी चालली.
४. गाडीत माणसं किती, सामान किती आणि वाटेत मोठा चढ आहे का.

बहुतेकांची गफलत इथेच होते. ते फक्त महिन्याचे एकूण किलोमीटर लिहितात. समजा, दोघांचंही रनिंग महिन्याला १,२०० किलोमीटर आहे. पहिला माणूस महिन्यातून पंधरा दिवस मोकळ्या रस्त्याने ४० किलोमीटर जातो आणि तेवढंच परत येतो. दुसरा रोज दहा-दहा किलोमीटरच्या चार फेऱ्या गर्दीतून मारतो आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी तासन् तास उभी राहते. बेरीज एकच, पण पहिल्याला डिझेल छान मानवेल आणि दुसऱ्याच्या हातात तेच इंजिन वर्ष-दोन वर्षांत कुरकुरायला लागेल.

> तपासणी: महिनाअखेरीस तीन आकडे काढा. गार सुरुवातीच्या फेऱ्यांपैकी किती दहा किलोमीटरच्या आत संपल्या? आठवड्यातून किती वेळा गाडी सलग २५-३० मिनिटं मोकळी पळाली? आणि मग महिन्याचे एकूण किलोमीटर. पुढे हे तिन्ही लागणार आहेत.

लग्नसराई, सुट्टी किंवा लांबच्या सहलीचा महिना नोंदीसाठी घेऊ नका. वर्षातून एकदा होणाऱ्या प्रवासासाठी इंजिन निवडायचं नसतं.

## टप्पा २: उष्णतेची चाळणी

पैशांच्या आधी उष्णता बघायची, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. म्हणून इथे थोडं थांबू.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणून डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, जास्त असतो. आजच्या प्रवासी गाड्यांत डिझेलचा साधारण १४ ते १८, तर पेट्रोलचा बहुधा ९ ते १३. शिवाय पेट्रोल इंजिन कमी रेसवर चालताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि त्या अडथळ्यातून हवा ओढण्यात त्याची ताकद खर्च होते. डिझेलमध्ये हा अडथळा जवळपास नसतोच. जेवढी ताकद हवी तेवढंच इंधन फवारलं जातं, हवा मात्र भरपूर असते.

यामुळे डिझेल इंजिन त्याच इंधनातून जास्त काम काढतं. भरीला एक लिटर डिझेलमध्ये मुळातच एक लिटर पेट्रोलपेक्षा १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा असते. अ‍ॅव्हरेजमधला फरक या दोन्हींतून येतो.

पण जास्त काम निघालं, म्हणजे वाया जाणारी उष्णता कमी झाली. हलक्या भारावर डिझेल इंजिन सावकाश तापतं आणि त्याचा धूरही तुलनेने थंड असतो. अडचण नेमकी इथे सुरू होते. आजच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. त्याला सगळे डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी फिल्टर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. लांबच्या दमदार प्रवासात काही काजळी आपसूक जळते. उरलेल्यासाठी गाडीचा संगणक स्वतःहून जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो, त्यातून एक्झॉस्ट तापवतो आणि फिल्टर साफ करतो. या सफाईला रीजनरेशन म्हणतात. ती साधारण दहा ते वीस मिनिटं चालते.

आता दहा मिनिटांची फेरी डोळ्यांसमोर आणा. इंजिन जेमतेम तापलं, सफाई सुरू झाली आणि तुम्ही चावी फिरवून गाडी बंद केली. सफाई अर्धवट राहिली. उशिरा फवारलेल्या डिझेलपैकी काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे महिने गेले की दोन गोष्टी होतात: फिल्टर चोंदतो आणि ऑइल पातळ होतं. पातळ ऑइल टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) आणि बेअरिंगची झीज वाढवतं. त्याशिवाय धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह सतत कमी तापलेल्या इंजिनात काजळीने चिकट होतो, तो वेगळाच.

आता तुमच्या नोंदी या चाळणीतून काढा:

अ. गार सुरुवातीच्या बहुतेक फेऱ्या दहा किलोमीटरच्या आत संपतात आणि आठवड्यातून एकदाही सलग अर्धा तास गाडी पळत नाही. डिझेलचा विचार इथेच सोडा. इंधनाचा दर कितीही कमी असो, पुढचा हिशेब करायची गरज नाही. पेट्रोल घ्या. फिरणं जवळपास सगळंच गर्दीतलं असेल, तर पेट्रोल-हायब्रीडही, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडीही, चालवून पाहा. थांबत-थांबत चालण्यात त्याची बचत सगळ्यात ठळक दिसते.

ब. आठवड्यातून तीन-चार वेळा किंवा त्याहून जास्त मोकळा लांब रस्ता मिळतो, गाडी भरलेली असते, चढ असतात. डिझेल पात्र आहे. टप्पा ३ कडे चला.

क. मधलं कुठेतरी. टप्पा ३ करा, पण तिथे डिझेलची बाजू थोडक्यात वरचढ निघाली, तर पेट्रोलच निवडा. डिझेलला स्पष्ट फरकाने जिंकू द्या.

> सावधान: "रविवारी एक लांब चक्कर मारली की झालं" या भरवशावर डिझेल घेऊ नका. लांब फेरीचा फायदा होतो, हे खरं. पण सफाई कधी लागणार हे फिल्टरमधली काजळी ठरवते, तुमचा रविवार नाही. शिवाय चार रविवारांपैकी दोन हुकतातच.

पेट्रोललाही छोट्या फेऱ्या आवडतात असं समजू नका. त्याच्याही ऑइलमध्ये ओलावा आणि इंधन मिसळतं, अ‍ॅव्हरेज पडतं. फक्त ते जास्त सोसतं, लवकर तापतं आणि बिघडलं तरी दुरुस्ती सहसा आटोक्यात राहते.

## टप्पा ३: हिशेब लिटरमध्ये करा

रुपयांत हिशेब केला की दर बदलताच सगळं ओंफस होतं. म्हणून सगळा हिशेब "पेट्रोलच्या लिटर"मध्ये करा. गाडीच्या किमतीतला फरकही आजच्या पेट्रोलच्या दराने भागून लिटरमध्येच लिहा.

पायरी १. दोन्ही गाड्यांचं खरं अ‍ॅव्हरेज शोधा. प्रयोगशाळेतला आकडा बाजूला ठेवा. तीच गाडी तुमच्यासारख्या रस्त्यावर चालवणारे दोघं-तिघं गाठा आणि टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं अ‍ॅव्हरेज विचारा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा आशावादी असतो.

पायरी २. दोन्हींना १,००० किलोमीटरला किती लिटर लागतात, ते काढा. ही पायरी गाळू नका, कारण "लिटरला किती किलोमीटर" हा आकडा फसवतो. अ‍ॅव्हरेज १० वरून १५ झालं तर १,००० किलोमीटरमागे ३३ लिटर वाचतात. २० वरून २५ झालं तर फक्त १० लिटर. दोन्हीकडे फरक पाचाचाच दिसतो.

पायरी ३. डिझेलचे लिटर दराच्या प्रमाणात पेट्रोलच्या लिटरमध्ये बदला.

पायरी ४. देखभालीचा जास्तीचा खर्च वजा करा. यासाठी टप्पा ४ वाचून परत या.

पायरी ५. किमतीतला फरक भागिले १,००० किलोमीटरमागची निव्वळ बचत. किती हजार किलोमीटरनंतर डिझेल आपली जास्तीची किंमत फेडेल, ते कळेल.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. पेट्रोल गाडी लिटरला १५ देते, डिझेल गाडी २०. म्हणजे १,००० किलोमीटरला ६६.७ लिटर पेट्रोल किंवा ५० लिटर डिझेल. डिझेलचा दर पेट्रोलच्या ९० टक्के धरला, तर ते ५० लिटर ४५ लिटर पेट्रोलच्या किमतीचे झाले. बचत २१.७ लिटर. देखभालीपोटी ३ लिटर वजा केले की राहिले १८.७. किमतीतला फरक १,५०० लिटर पेट्रोलइतका असेल, तर १,५०० भागिले १८.७, म्हणजे सुमारे ८०,००० किलोमीटर.

महिन्याला २,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे चाळीस महिन्यांत वसूल. महिन्याला १,००० वाल्याला पावणेसात वर्षं लागतील. तोपर्यंत गाडी ठेवणार आहात का, हे आता स्वतःला विचारा.

मग तेच गणित दोन्ही दर सारखे धरून पुन्हा करा. वरच्या उदाहरणात निव्वळ बचत १३.७ लिटरवर येते आणि वसुलीचा आकडा ८०,००० वरून १,१०,००० च्या जवळ जातो. दरातला फरक आज आहे तेवढाच पुढची सहा-सात वर्षं राहील, असं कुणीच सांगू शकत नाही. दोन्ही गणितांत डिझेल जिंकलं, तरच ते खऱ्या अर्थाने जिंकलं.

> तपासणी: पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळलं जातं, ते बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे मिश्रण वाढलं की अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. जुन्या मिश्रणावर मोजलेला आकडा आजच्या हिशेबात धरू नका.

कर, विमा आणि जुन्या डिझेल गाड्यांना शहरात येण्यावर असलेले निर्बंधही याच वेळी तपासा. डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी यांमुळे असे नियम बऱ्याच ठिकाणी डिझेलसाठी जास्त कडक असतात. गाडी विकताना मिळणारी किंमत त्यांवरही ठरते.

## टप्पा ४: काय बिघडू शकतं, ते आधी लिहा

सर्व्हिसिंगचा नेहमीचा खर्च दोन्हींत फार वेगळा नसतो. फरक पडतो तो मोठ्या भागांमुळे. ज्या गाडीचा विचार आहे तिच्यात यातलं काय काय आहे, हे शोरूममध्ये किंवा गॅरेजवाल्याला विचारून लिहून काढा.

डिझेलकडे: जास्त दाबाचा इंधन पंप आणि इंजेक्टर (कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणारी सामायिक नळी, तिच्यात दाब २,००० बारच्या आसपास किंवा वरही जातो), टर्बो, डीपीएफ, ईजीआर, गार इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे ग्लो प्लग, आणि थरथर शोषून घेणारं दोन भागांचं फ्लायव्हील. काही गाड्यांत अ‍ॅडब्लूची टाकीही असते. अ‍ॅडब्लू म्हणजे शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. ते संपलं की बहुतेक गाड्यांत बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरूच होत नाही, म्हणून डॅशबोर्डवरच्या पहिल्याच सूचनेला भरा. ते डिझेलच्या टाकीत मात्र चुकूनही जाऊ देऊ नका.

पेट्रोलकडे: स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडी. यादी छोटी आहे, पण ती साध्या पेट्रोल इंजिनाची. टर्बो असलेलं, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं पेट्रोल इंजिन घेत असाल, तर ही यादी लांबते. त्यालाही टर्बो आला, १०० ते ३५० बारचा पंप आला, काही ठिकाणी काजळीचा फिल्टरही आला. शिवाय इंधन इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नसल्याने त्यांच्यावर कार्बन साचतो आणि तो कधीतरी काढावा लागतो. "पेट्रोल म्हणजे बिनकटकटीचं" हे वाक्य साध्या इंजिनांना लागू होतं, सगळ्यांना नाही.

या यादीवरून टप्पा ३ मधल्या पायरी ४ चा आकडा ठरवा. वॉरंटी संपल्यावरही गाडी ठेवणार असाल, तर तो आकडा हात आखडून लिहू नका.

## टप्पा ५: दोन्ही चालवा, पण एकाच पद्धतीने

एक गाडी एकट्याने रिकाम्या रस्त्यावर आणि दुसरी घरच्यांना घेऊन गर्दीत चालवली, तर तुलना होत नाही. रस्ता तोच, माणसं तेवढीच, एसी दोन्हीकडे चालू.

१. गार सुरुवात मागा. तापवून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही. गार डिझेलचा पहिल्या काही मिनिटांचा टकटकाट स्वाभाविक आहे, तो हळूहळू ओसरला पाहिजे. थेट फवारणीच्या पेट्रोल इंजिनाची बारीक टिकटिकही स्वाभाविक आहे.

२. उभ्या गाडीत थरथर बघा. स्टिअरिंगवर हात ठेवा, मग गिअरच्या दांड्यावर, मग आरशात पाहा. रोज तासभर सिग्नलवर थांबणाऱ्याला ही थरथर पुढे खुपते.

३. भरलेल्या गाडीने चढ चढा. डिझेलचा टॉर्क (ओढण्याची ताकद) साधारण १,५०० ते २,५०० आरपीएमलाच भरात असतो, त्यामुळे गिअर न पाडता गाडी ओढते. टर्बो नसलेल्या पेट्रोलला तीच ओढ हवी असेल, तर एक गिअर खाली घेऊन रेस वाढवावी लागते. तो दोष नाही, त्या इंजिनाची रीतच तशी आहे. तुम्हाला ती मानवते का, एवढंच बघा.

४. हळू वेगातून उचल बघा. दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चालत असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. काही टर्बो इंजिनं, मग ती डिझेल असोत वा पेट्रोल, क्षणभर गप्प राहून मग एकदम उसळतात. गर्दीत ते त्रासाचं ठरतं.

५. ओव्हरटेक. पुढे-मागे मोकळा रस्ता असेल तेव्हाच, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० वरून ७० पर्यंत. दोन्हींत कुठलं इंजिन बिनकष्टाने गेलं, ते लक्षात ठेवा.

नेहमीची चूक म्हणजे डिझेलला पेट्रोलसारखं रेस करणं आणि पेट्रोलला डिझेलसारखं वरच्या गिअरमध्ये कुंथवणं, आणि मग दोन्ही नापास करणं. डिझेलचा दम चार-साडेचार हजार आरपीएमच्या पुढे सरतो. पेट्रोल बऱ्याचदा सहा हजारांपर्यंत आनंदाने जातं.

## टप्पा ६: वापरलेली गाडी असेल तर

नवी गाडी घेणाऱ्यांनी हा टप्पा सोडून पुढे जावं.

पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल, तर इंजिन तुमच्या आधी कुणीतरी सुरू करून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

डिपस्टिक. सपाट जागी, इंजिन बंद असताना डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. डिझेल गाडीचं ऑइल काळं असणारच, त्याने घाबरू नका. पातळी बघा. ती वरच्या खुणेच्या वर असेल, तर जास्तीचं ऑइल ओतलं गेलंय किंवा त्यात डिझेल उतरलंय. दोन बोटांत एक थेंब चोळा आणि वास घ्या. ऑइलचा बुळबुळीतपणा कमी होऊन डिझेलचा उग्र वास आला, तर टप्पा २ मध्ये सांगितलेली गोष्ट या गाडीत कित्येक महिने चालू आहे. ऑइल कमी झालेलं सगळे बघतात, वाढलेलं फार थोडे बघतात.

सायलेन्सरचं टोक. इंजिन गार असताना आतून कापड फिरवा. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत ते टोक बऱ्यापैकी कोरडं आणि स्वच्छ असतं. कापडावर जाड काजळी आली, तर फिल्टर तडकलेला आहे किंवा काढून टाकलेला आहे. पेट्रोल गाडीला ही कसोटी लावू नका, तिथे काजळी असू शकते.

धूर. रेस दिल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि रेंगाळणारा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव). गारठ्यात सुरुवातीला दिसणारी आणि लगेच विरणारी वाफ चालते.

ऑइलचं झाकण. इंजिन चालू असताना सावकाश उघडा. हलकी फुंकर ठीक आहे. धपधप धूर उसळत असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत.

स्कॅनर. मेकॅनिकला सोबत घ्या आणि फक्त "एरर कोड नाहीत" यावर समाधान मानू नका. कोड पुसता येतात. डिझेलमध्ये फिल्टरमधली काजळी किती आणि शेवटची पूर्ण सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली, हे वाचायला सांगा. फिल्टरमधली राख किती, तेही विचारा. काजळी जळते, पण ऑइलमधल्या घटकांची राख जळत नाही, ती साठतच जाते.

> सावधान: बरीच वर्षं जुनी आणि फारच कमी चाललेली डिझेल गाडी हा खजिना समजू नका. कमी किलोमीटर म्हणजे बहुधा छोट्या फेऱ्या. त्याच गाडीची नियमित सर्व्हिसिंग झालेली, महामार्गावर भरपूर चाललेली जोडीदार कितीतरी वेळा बरी निघते.

## टप्पा ७: गाडी घरी आल्यावर

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच. नुसतं ग्रेड जुळून भागत नाही. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. चुकीचं ऑइल घातलं, तर फिल्टर राखेने लवकर भरतो आणि त्यावर लांब चक्कर मारून उपाय होत नाही.

सफाई चालू आहे हे ओळखायला शिका. उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडं चढलेलं, त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज अचानक पडलेलं, सिग्नलवर आपोआप बंद होणारं इंजिन आज बंद होत नाही, बाहेर उतरल्यावर तापलेला वास आणि बंद केल्यावरही पंखा जोरात. यातलं एक-दोन जाणवलं, तर शक्य असेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं आणखी चालवा. डीपीएफचा दिवा लागला, तर दोन हजारांच्या आसपास आरपीएम राहील अशा गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर न्या. तो दिवा दुर्लक्षून इंजिनचा दिवाही लागला, की काम गॅरेजचं. सफाई चाललेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी करू नका, आग लागू शकते.

वरच्या गिअरमध्ये कुंथवू नका. अ‍ॅव्हरेजच्या हव्यासापायी हजार-बाराशे आरपीएमवर जोर लावला, तर डिझेलचं फ्लायव्हील मार खातं. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये मिश्रण अवेळी पेटून पिस्टनला इजा होऊ शकते.

डिझेल फिल्टर आणि पाणी. फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला, तर त्याच दिवशी पाणी काढून घ्या. त्या दाबावर पाण्याचे थेंब पंप आणि इंजेक्टर खराब करतात.

ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता. पुस्तिकेत साधं पेट्रोल लिहिलं असेल, तर महाग जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने ताकद वाढत नाही. पुस्तिकेत जास्त ऑक्टेन मागितलं असेल, तर तिथे काटकसर नको.

## चुकीचं इंधन भरलं गेलं तर

घरात एक डिझेल आणि एक पेट्रोल गाडी असली, की हे कधी ना कधी घडतं. डिझेलचं नोझल सहसा जाड असतं, पेट्रोल गाडीच्या तोंडात ते सहज शिरत नाही. पेट्रोलचं बारीक नोझल मात्र डिझेल गाडीत आरामात बसतं. म्हणजे जी चूक जास्त घातक, तीच जास्त सोपी. पंपावर झाकण उघडण्याआधी इंधनाचं नाव मोठ्याने सांगा आणि नोझल आत जाताना स्वतः बघा.

डिझेल गाडीत पेट्रोल:

१. इंजिन सुरू करू नका. चावी "ऑन"लाही नेऊ नका, कारण कित्येक गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो.
२. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या.
३. टोइंगने गॅरेजला न्या आणि टाकी पूर्ण रिकामी करून घ्या. "थोडंच गेलंय, वरून डिझेल भरून टाका" हा सल्ला ऐकू नका. जुन्या इंजिनांना ते चालून जायचं. कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं.
४. इंजिन सुरू झालं असेल, तर सुरक्षित जागी ताबडतोब बंद करा. मग टाकीबरोबर पाइप आणि फिल्टरही साफ करावे लागतात.

पेट्रोल गाडीत डिझेल: सुरू करू नका, हे इथेही लागू. नुकसान मात्र सहसा कमी असतं. धूर येतो, इंजिन अडखळतं, बंद पडतं. टाकी आणि पाइप रिकामे करून प्लग साफ केले किंवा बदलले, की गाडी बहुधा पूर्ववत होते.

डिझेल गाडी पेट्रोलवर काही अंतर चालून गेली असेल, तर गॅरेजमध्ये काढलेला फिल्टर फेकू देऊ नका. तो तुमच्यासमोर कापायला सांगा आणि आतला कागद उजेडात धरा. कागद स्वच्छ असेल, तर सफाईवर भागण्याची शक्यता चांगली आहे, तरी पंपाचा दाब मोजून घ्या. चमचमणारे धातूचे कण दिसले, तर पंप आतून खरवडला गेलाय. अशा वेळी नुसते इंजेक्टर बदलून उपयोग नाही. ते कण परतीच्या पाइपातून टाकीपर्यंत पोहोचलेले असतात. पंप, रेल, इंजेक्टर, पाइप आणि टाकी यांचा एकत्र विचार करून लेखी अंदाजपत्रक मागा आणि ते हातात आल्यावरच कामाला हो म्हणा.